लुगड्याखालचे बूट

मुलांनो, तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. धाकटीने मैत्रिणीच्या लग्नात रेशमी साडी नेसून खाली पांढरे कापडी बूट घातले आहेत, आणि मागे लिहिलं आहे, "आजी, रागावू नकोस, इकडे असंच घालतात." मी रागावले नाही. पण हे वाक्य मी स्वतः एके काळी रोज म्हणत असे, आणि ते ज्यांच्यासाठी म्हणत होते त्यांतलं आता कुणीच राहिलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. क्रमाने सांगते.

माझं माहेर तामलवाडीचं, शेतकरी घर, आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. राज्य निजामाचं, आणि गावापुढे थोड्या अंतरावर ते संपायचं, सोलापूर इंग्रजांचं. सोलापुरात आत्याकडे राहून मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. शाळेत साडीखाली काळे नाडीचे बूट लागत. सुट्टीत घरी येताना हद्दीवरच्या नाक्यावर शिपाई ते काढायला लावून उलटे झटकायचा, काही चोरून आणलं आहे का बघायला.

थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय वाढायचा राहिला. चालताना ती एका बाजूला कलायची. तिला बघायला आलेले लोक ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली की लगेच उठायची तयारी करत. आई तिला वाढताना म्हणायची, "खा पोटभर. कुणाच्या घरी जायचंय तुला." अक्का खायची.

निजामाच्याच मुलखातल्या वाशी गावच्या बाजारात धान्याची आडत असलेल्या घरातून स्थळ आलं, तेव्हा वडिलांना माझे बूट आठवले. सोलापूरच्या मोच्याने अक्काच्या मापाची तशीच जोडी केली आणि डाव्या बुटात टाचेखाली चामड्याचे तुकडे एकावर एक घट्ट बसवले. नाक्यावरच्या शिपायाने ती जोडीही झटकली. काही पडलं नाही.

एकट्या अक्काने बूट घातले तर संशय येणार. म्हणून मलाही इरकली लुगड्याखाली बूट घालून गावभर फिरायचा हुकूम झाला. विहिरीवरच्या बायकांना आयतंच निमित्त सापडलं.

"वरनं पाटलीणबाई अन् खालनं अमीनसाहेब." अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार.

"सलाम करावा का ओटी भरावी, तेवढं सांग की बाई."

वडिलांनी शिकवलेलं मी म्हणायचे, "सोलापुरात असंच घालतात."

अक्का दुपारी गोठ्यात चालायचा सराव करायची. बूट घातले की ती सरळ चालायची. शेणाच्या पाट्या बाजूला सारून ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची आणि वळून परत यायची. एकदा मला म्हणाली, "बारके, ह्यात म्या लोकांवाणी चालते गं. हे लगीन जमलं तर ह्येच घालून जाईन, मरस्तोवर काढणार न्हाय."

पाहुणे आले तेव्हा बैठक मुद्दाम अंगणात घातली, म्हणजे पायांत बूट असलेले चालतील. मुलगा, त्याचे वडील आणि त्याच्या आत्याबाई. मुलगाही वर कोट, खाली धोतर असाच होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. अक्का हिरवं लुगडं नेसून सरळ चालत आली आणि चहा देऊन उभी राहिली.

"पायात काय म्हणायचं हे?" आत्याबाईंनी विचारलं.

"सोलापुरात आता असंच घालत्यात," वडील म्हणाले. "आमची बारकी बी घालती." मी माझे बूट पुढे केले.

आत्याबाईंनी सुपारी कातरली, तोंडात टाकली. मग अक्काला म्हणाल्या, "पोरी, तुळशीला तांब्याभर पाणी घाल बरं."

तुळस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. पायांत चामडं घालून तुळशीला पाणी कोण घालतं? बैठक अंगणात मांडताना हे आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं. आई पुढे झाली, "मी घालते."

"तुमचं रोजच पडतंय. आज पोरीचं पडू द्या."

अक्का खाली बसली आणि नाड्या सोडू लागली. नाड्या सुटायला वेळ लागला. मग ती तांब्या घेऊन अनवाणी निघाली. प्रत्येक पावलाला पाणी हिंदकळून डाव्या अंगाला सांडत होतं. तुळशीपर्यंत ओली रेघ उमटली आणि तांब्यात थोडंच उरलं.

ती पाठमोरी असतानाच आत्याबाईंनी डावा बूट ओढून घेतला, आत हात घातला आणि चामड्याचे तुकडे एकेक उपटून पानाच्या तबकात सुपारीशेजारी मांडले. शिपायाला जे सापडलं नव्हतं ते त्यांना सापडलं.

"कारागीर चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आता बारकीला चालवा. बूट काढून."

वडिलांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी बूट काढले आणि चालले. माझे पाय सरळ होते. अक्का तोवर परत आली. तिने तबकातले तुकडे उचलले, खाली बसून पुन्हा बुटात बसवले, नाड्या बांधल्या आणि पाहुण्यांचे कप गोळा करून आत गेली. तिच्या मागे माझी सुपारी फुटली.

तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. सगळा वेळ ते हातातली टोपी बघत होते. पुढे संसारात पुष्कळ बोलले, त्या दिवसाबद्दल कधीच नाही.

लग्नात मला अक्कानेच नेसवलं. निऱ्या खोचताना म्हणाली, "तुझे बूट ऱ्हाऊ दे हितंच. तुला कशाला लागत्यात."

राज्य बदललं, नाका उठला. अक्काचं लग्न झालं नाही. तिने लुगड्याखाली बूट घालणं सोडलं नाही. शेतात, बाजारात, आईच्या तेराव्यालाही. गावातली पोरं तिला अमीन म्हणत. ती माझ्या घरी कधी आली नाही आणि मला तिने कधी ये म्हटलं नाही.

ती गेल्यावर उजवा बूट भावजयीने कुठे टाकला, मला माहीत नाही. डावा माझ्या ट्रंकेत आहे. टाचेतलं चामडं जागेवर आहे.