वडिलांच्या अक्षरातला बायोडाटा

अठ्ठ्याण्णव साली मी बी.कॉम. झालो आणि आमच्या घरात माझ्या बायोडाट्याचं काम निघालं. काम निघालं म्हणतो, कारण घराचं रंगकाम काढावं तसं ते आठवडाभर चाललं. नाशिकला माझ्याबरोबर खोलीवर राहणारी मुलं कॉलेज रोडच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे जात, नाव-पत्ता सांगत आणि चहा संपेपर्यंत छापील कागद घेऊन बाहेर पडत. त्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला पोहण्याची आणि बुद्धिबळाची आवड असे. आमच्यातला एकही जण गोदावरीत गुडघ्याच्या वर भिजलेला नव्हता.

मीही तसा एक करून चांदवडला घरी आणला. वडिलांनी चष्मा लावून तो वाचला, उजेडाकडे धरून पाहिला आणि आईला म्हणाले, "याला अक्षरच नाही."

वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. तालुक्यात शिक्षक खंडीभर होते, पण नानांसारखं अक्षर कुणाचं नव्हतं. शाळेतला सुविचार, निरोप समारंभाचं मानपत्र, लग्नपत्रिकेचा मजकूर, देवळाच्या देणगीदारांची पाटी, सगळं त्यांच्या हातचं. इंग्रजी त्यांना बेताचंच येई, पण लिहीत इतकं देखणं, की वाचणाऱ्याला चुका काढायचा संकोच वाटावा.

तर ठरलं असं, की बायोडाटा नाना लिहिणार. जाड कागद आला, नवी शाई आली, तिरप्या निबेचं ठेवणीतलं पेन बाहेर निघालं. पट्टी धरून पेन्सिलीनं पुसट रेघा मारायच्या, त्यावर लिहायचं, वाळलं की रेघा खोडायच्या. त्या वेळी घरात कुणी पंखा लावायचा नाही. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात माझी चौथीची स्कॉलरशिप होती, वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ बक्षीस होतं, आणि मला आजपर्यंत कोणताही मोठा आजार झालेला नाही हेही होतं. आवडींमध्ये पोहणं त्यांनी खोडलं. "तुला विहिरीवर नेलं तर कठड्याला धरून रडायचास," म्हणाले. त्या जागी त्यांनी लिहिलं, आज्ञापालन. मी म्हटलं, नाना, आज्ञापालन ही आवड नसते. ते म्हणाले, "ज्याला असते त्याला असते." तीन दिवस भांडून मी चार पानांची दोन करवली, पण आज्ञापालन काही निघालं नाही.

भांडताना मी एका ओळीकडे मात्र मुद्दाम पाहत नव्हतो. शिक्षणाच्या रकान्यात नानांनी ठसठशीत लिहिलं होतं: बी.कॉम., चार वर्षांचा अभ्यासक्रम.

बी.कॉम. तीन वर्षांचं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दुसऱ्या वर्षाला मी तीन विषयांत सपशेल आपटलो, आणि सुट्टीत घरी येऊन सांगितलं की विद्यापीठानं अभ्यासक्रम एका वर्षानं वाढवलाय. त्या वेळी जे तोंडाला आलं ते बोललो. वाटलं होतं, नाना दोन प्रश्न विचारतील आणि मी पकडला जाईन. त्यांनी एकही विचारला नाही. उलट चिडले ते विद्यापीठावर. गरिबांच्या मुलांचं एक वर्ष फुकट घालवण्याचा यांना काय अधिकार, असं त्यांनी चौकात, शाळेत, केस कापताना न्हाव्याकडे, जो भेटेल त्याला सांगितलं. वर्तमानपत्राला वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी पत्रही पाठवलं, कुलगुरूंना उद्देशून. ते छापून आलं नाही. ते दोन महिने मी रोज पेपर नानांच्या आधी उघडत होतो.

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती आणा, असं त्यात होतं. साक्षांकित म्हणजे झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. असा अधिकारी शोधणं हे त्या काळी नोकरी शोधण्याहून अवघड होतं. मुलाखत दुसऱ्या दिवशी दहाला, तहसीलदार दौऱ्यावर, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर रजेवर. उरले जनावरांचे डॉक्टर. त्यांचा शिक्का तितकाच चालतो, हे मला झेरॉक्सवाल्यानं सांगितलं.

मी गेलो तेव्हा लोखंडी खोड्यात एक गाय उभी होती, आणि डॉक्टर तिच्या पापण्या उलटून बघत होते. धनी शेजारी हात जोडून उभा.

"काय खाल्लं तिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय साहेब. कालपासून तोंड लावत नाय कशाला."

"कालपासून नाही. त्याच्या आधी."

"आपला नेहमीचा चारा. कडबा."

डॉक्टरांनी गाईच्या तोंडाशी नाक नेलं. "कडब्याला कांद्याचा वास कधीपासून यायला लागला?"

धन्यानं मान खाली घातली. "कांदाचाळीतले सडके हाय थोडे. फेकायचे तरी कुठं?"

"थोडे म्हणजे किती?"

"लय नाय. पाच-सहा पाट्या."

डॉक्टरांनी सुई भरली. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "जनावराला बोलता येत नाही म्हणून धन्याला विचारावं लागतं, आणि धनी आधी खोटं सांगतो. तुझं काय?"

मी कागद पुढे केले. त्यांनी हात धुतले, पुसले आणि खुर्चीत बसून सगळं वाचायला घेतलं. सही करणारे लोक वाचत नाहीत, असा माझा समज होता. यांनी आधी बायोडाट्याचं अक्षरच दोन मिनिटं पाहिलं. "हे कुणाच्या हातचं?"

"वडिलांच्या."

"आज्ञापालन," त्यांनी वाचलं, आणि मिशीत हसले. मग गुणपत्रकं पाहिली, पुन्हा बायोडाटा पाहिला, आणि हसू गेलं. "पहिलं वर्ष पंच्याण्णवला. दुसरं सत्त्याण्णवला. शहाण्णवचं गुणपत्रक कुठाय?"

मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघितलं.

"आणि बी.कॉम. चार वर्षांचं केव्हा झालं? माझी पुतणी गेल्या वर्षी तीन वर्षांत झाली." त्यांनी कागद खाली ठेवले. "वडिलांना माहीत नाही वाटतं."

मान हलवायचीही मला लाज वाटली. बाजूला तो गाईचा धनी उभा होता, आणि आता तो माझ्याकडे अगदी आपल्या माणसाकडे बघावं तसा बघत होता.

डॉक्टरांनी गुणपत्रकांच्या प्रतींवर सह्या केल्या, शिक्के मारले. पण टाचणी काढून बायोडाटा वेगळा करून माझ्या हातात दिला. "खाली माझा शिक्का आणि वर ही थाप, असं एका टाचणीत नको. नापास झालास तर झालास, लिही तसं. मुलाखतीत एकानं जरी वर्षं मोजली, तर तू खोटा ठरणार नाहीस. ज्यानं हे लिहिलंय तो ठरेल."

शेवटचं वाक्य मला लागलं. तोवर मी मनातून डॉक्टरांवर चडफडत होतो, जाताना तेही उरलं नाही.

अंबडची ती नोकरी मला मिळाली नाही, हे इथेच सांगून टाकतो. तिथे कुणाचा तरी भाचा आधीच ठरलेला होता. पुढे दोन महिन्यांनी सातपूरला लागलो. पण त्या दुपारी मला नोकरीची भीती नव्हतीच. नाशिकला उतरून दुसरा बायोडाटा टाइप करून घेता आला असता. तो घेतला असता तरी नानांनी लिहून ठेवलेल्या बाकीच्या प्रती घरात होत्याच, आणि पुढे त्या जिथे जिथे जातील तिथे ती थाप त्यांच्या अक्षरात जाणार होती. चौकात ज्यांना ज्यांना त्यांनी विद्यापीठाचा अन्याय सांगितला होता, त्या सगळ्यांची तोंडं मला दवाखान्यापासून घरापर्यंत दिसत होती. नानांना कुणी हसलेलं मला चाललं नसतं. आणि हसं होणार होतं ते माझ्यामुळे.

घरी आलो तेव्हा नाना चटईवर पाट पुढे घेऊन अकरावी प्रत लिहीत होते. पंखा बंद होता. आई आत तांदूळ निवडत होती.

"नाना, त्यातली एक ओळ बदलायची आहे."

"आज्ञापालन मी काढणार नाही."

"ती नाही. चार वर्षांची. बी.कॉम. तीनच वर्षांचं असतं. मी दुसऱ्या वर्षाला नापास झालो होतो."

आतला तांदळांचा आवाज थांबला. नानांनी हातातलं अक्षर पूर्ण केलं, पेनाला टोपण लावलं.

"किती विषयांत?"

"तीन."

"म्हणजे विद्यापीठानं काही केलं नव्हतं."

"नाही."

"मी कुलगुरूंना काय काय लिहिलं होतं," एवढंच ते म्हणाले. आतून आई म्हणाली, "छापलं नाही ते देवच पावला." नाना हसले नाहीत, मीही नाही.

मग मी सगळं सांगायला लागलो. संख्याशास्त्र डोक्यात शिरत नव्हतं, खोलीचं भाडं तुम्ही पोटाला चिमटा काढून देता, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून धीर झाला नाही. ते ऐकत होते की नाही, कळेना. त्यांनी पट्टी उचलली. त्या पट्टीचा प्रसाद मी लहानपणी पुष्कळ खाल्ला होता, आणि खरं सांगतो, बाविसाव्या वर्षी माझा हात आपोआप मागे गेला. त्यांनी पट्टी कागदावर ठेवली. शिक्षणाचा रकाना मोजला, वरची ओळ आणि खालची ओळ यांतलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. कुठे काही मावत नव्हतं. लिहून झालेल्या प्रती आणि ही अर्धवट प्रत त्यांनी एकावर एक नीट रचून बाजूला ठेवल्या, कोरा कागद घेतला आणि वरच्या कडेपासून पेन्सिलीनं रेघा मारायला सुरुवात केली.

"दोन वर्षं झाली," ते मान वर न करता म्हणाले. "एकदा जरी सांगितलं असतंस, तर मी तेवढी जागा सोडली असती."