वत्सलाताईंनी खोडायला लावलेली ओळ

सत्कारासाठी आमच्या घरी येऊन पडलेले सामान असे: शाल एक, साडेचारशे रुपये. नारळ दोन, ऐंशी. पेढे एक किलो, पाचशे वीस. तांब्याची पाण्याची बाटली एक, सहाशे ऐंशी. दुकानदार आठशे सांगत होता. शाल जरा हलकी घेतली, बाटली मात्र चांगली घेतली. वत्सलाताईंच्या साठीच्या सत्काराला बाटली कशाला, असे वर्गणी देणाऱ्या दोघी-तिघींनी विचारले. त्यांच्यासाठीच सत्काराच्या या पुस्तिकेत हे लिहीत आहे.

वत्सलाताईंची माझी ओळख शिलाईच्या शेडमध्ये झाली. महाडबाहेरची ती शेड शाळेचे गणवेश शिवायची. चाळीस मशिनी, चाळीस बायका. मी घर सांभाळणारी, पण मॅट्रिक झालेली आणि अक्षर बरे, म्हणून घरचे आवरून दहा ते चार हजेरीची वही लिहायला जाऊ लागले. ताई पोलादपूरहून एस्टीने येत आणि मशिनींची सगळी लाइन सांभाळत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "गो वयनी, पदर खोच आधी. मशीन मानूस वळखत नाय."

ताईंची शाळा दुसरीपर्यंतच झालेली. पण कोणाचा हात थकला हे त्यांना टाक्यावरून कळे. मग तिची कॉलर त्या आपल्या मशिनीवर ओढून घेत आणि तिला म्हणत, "जा, बंडलं मोजून ये." तेवढीच तिची पाठ सरळ होई. माझ्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी चार दिवस गेले नाही. परत येऊन पाहते तर वहीत प्रत्येक नावापुढे दोऱ्याचे तुकडे चिकटवलेले. आलेलीचा पांढरा, न आलेलीचा निळा. नावांचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. एकीचाही खाडा चुकला नव्हता.

आता बिल्ल्याचे सांगते. संडासला जायचे तर मॅनेजरच्या टेबलावरचा लाकडी बिल्ला उचलून न्यायचा, असा शेडचा नियम होता. चाळीसजणींत बिल्ला एक. सगळ्यांच्या देखत तो उचलायचा, आणि उशीर झाला तर मॅनेजर घड्याळाकडे बघून म्हणायचा, "काय, माहेरी जाऊन आली काय?" त्यापेक्षा बायका पाणीच पीत नसत. सकाळी घरून निघताना दोन घोट, मग थेट संध्याकाळी.

एका चतुर्थीला दासगावची निर्मला, दोन मुलांची आई, मशिनीवरच कोसळली. सुई बोटातून आरपार गेली. अपघाताची वहीही माझ्याकडेच असे. मॅनेजर म्हणाला, "उपवासाने चक्कर आली असं लिहा. झंझट नको." माझाही त्या दिवशी उपवास होता. मी लिहून टाकले. निर्मलाचा उपवास नव्हता हे मला ठाऊक होते, डबा आम्ही शेजारी बसूनच खाल्ला होता. तिची भाकरी, माझी साबुदाण्याची खिचडी. तरी लिहिले.

तिच्या बोटाला पट्टी बांधून ताई माझ्याजवळ आल्या. "काय लिव्हलंस? वाच बघू मोठ्यानं."

मी वाचले.

"गनपतीवर कशाला ढकलतेस गो?" ताई म्हणाल्या. "त्यानं कोनाला पानी सोडायला सांगितलंय? खोड ते. लिव्ह, बिल्ल्याच्या लाजेनं पानी प्याली नाय म्हनून पडली."

मॅनेजर धावत आला. "ताई, नोकरी करायची हाय ना?"

"करायची हाय. तू चवदार तळ्याच्या गावात ऱ्हातोस आन् बायांना पान्याला अडवतोस?"

मी ओळ खोडली आणि खरे लिहिले. त्याखाली ताईंनी अंगठा उमटवला. एवढी वर्षे देवपूजा केली, पण देवाच्या नावावर खोटे लिहू नये हे मला त्या दिवशी ताईंनी शिकवले.

दुसऱ्या दिवशी ताईंची लाइन काढून घेतली आणि त्यांना दोरे कापायच्या टेबलावर दिवसभर उभे केले. आठ महिने त्या उभ्या होत्या. आम्हाला वाईट वाटले तर म्हणत, "बसून बसून कंबर धरली व्हती, बरं झालं." पुढे माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. वही चाळताना तो त्या पानावर थांबला. खाडाखोड का, म्हणून त्याने विचारले. मी सगळे सांगितले. महिन्याच्या आत बिल्ला गेला, मशिनींजवळ माठ आले आणि ताईंना लाइन परत मिळाली.

आज त्या शेडमध्ये पाणी प्यायला कोणी लाजत नाही. ताईंना मात्र मूतखड्याचा त्रास आहे. भरपूर पाणी प्या, असे डॉक्टर दर वेळी बजावतात. सत्काराचे आमंत्रण द्यायला फोन केला तर म्हणाल्या, "येते गो. पन पानी पिऊन निघायची नाय. एस्टीत बाईमानसानं जायचं कुठं?" आमचा बिल्ला काढणाऱ्या ताईंच्या मनातला बिल्ला अजून तसाच आहे.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, पाठ ताठ राहो आणि पोटातले दुखणे कायमचे जावो, अशी गजाननाला हात जोडून प्रार्थना. ही पुस्तिका कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी टपालाने घरोघरी जाणार आहे, आणि ताईंच्या पुस्तिकेबरोबर बाटलीही धाडत आहोत. ताईंनी नातीकडून हे वाचून घ्यावे, बाटली भरून घ्यावी आणि वाटेत पीत पीत यावे. माझे घर महाडच्या स्टँडपासून पाच मिनिटांवर आहे. दार उघडे ठेवते. कितव्या गाडीने येता ते उलट टपाली कळवावे. स्टँडवर घ्यायला मी येईन.