वाकडा दात

आमचे हे दात बनवतात. म्हणजे कवळ्या. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे. खिडकीजवळ टेबल, त्यावर मेण, प्लॅस्टर, एक छोटा दिवा आणि पॉलिशचं चाक. अंगावर सदा पांढरी भुकटी. घरी आले की मी दारातच कपडे झटकायला लावते. कामाला हात मोठा सुरेख, पण राग नाकाच्या शेंड्यावर. साचा तडकला की तोंडाचा पट्टा असा सुटतो की शेजारचा चष्मेवाला रेडिओ मोठा करतो. घटकाभरात राग उतरतो आणि मग स्वारी तोंड पाडून बसते. ते तर त्याहून बघवत नाही.

या रागापायी ह्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. ज्या आठवड्यात तोंडून वाईट शब्द गेला, त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीची भाकर घ्यायला, पुढे जायचं नाही. आता शब्द गेलाच नाही असा आठवडा आणायचा कुठून? वर्षं गेली. सगळी मंडळी उठून वेदीपाशी जायची आणि हे बाकावर आपल्या बुटांकडे बघत बसायचे. मी किती वेळा म्हटलं, अहो, आधी स्वच्छ होतो आणि मग आंघोळीला जातो, असं म्हणणारा माणूस कोणी पाहिलाय का? पण पालथ्या घड्यावर पाणी. मी त्या लायकीचा नाही, एवढंच म्हणायचे. बरं, ते दाखवण्यापुरतं नव्हतं, त्यांना मनापासून तसंच वाटायचं. म्हणून तर माझा जीव जास्त तुटायचा.

यंदा लेकीचं दृढीकरण ठरलं, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा विधी. ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. चर्चच्या पाळकांकडे तिची शिकवणी झाली, पांढरा झगा शिवून आला, आणि पोरीने एक दिवस जेवताना सांगून टाकलं की मी जाणार नाही. कारण काय, तर बाबा तिच्यापेक्षा कितीतरी चांगले. तेच लायक नाहीत, तर ती कुठली असायला? कालच ती मैत्रिणीशी खोटं बोलली होती म्हणे. ह्यांचा घास हातातच राहिला. अगं, तुझं वेगळं, माझं वेगळं, म्हणाले. वेगळं कसं, तिने विचारलं. हे ताटावरून उठले. मी तरी कोणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. रविवार तोंडावर आला होता आणि बापलेक दोघंही बाकावरच बसून राहणार, या विचाराने मला झोप लागेना.

त्याच आठवड्यात बाईंची कवळी ह्यांच्या हातात होती. बाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या शिक्षिका. ह्यांना प्रार्थना करायला शिकवलं ते त्यांनीच. त्यांचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता आणि त्या हसल्या की आधी तोच दिसायचा. आता वयाने सगळेच दात काढावे लागले होते.

या कामात एक रीत आहे. दात काढण्याआधी तोंडाचा साचा घेऊन ठेवायचा आणि नवे दात त्या साच्याबरहुकूम, जुन्या खोडीसकट लावायचे. सगळे एका ओळीत लावले तर माणसाचं तोंड परक्याचं दिसतं. हे ह्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण बाईंसाठी ह्यांनी रीत मोडली. इतक्या देवमाणसाच्या तोंडात खोट कशाला, म्हणून दात सरळसोट लावले.

पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून घालून बघतात. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर बाई आरसा धरून बसलेल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि मग ही कोण रे, म्हणाल्या. ह्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की तो वाकडा दात सरळ केलाय. बाई म्हणाल्या, माझा दात मला परत दे. हेही हट्टाला पेटले. देवापुढे प्रार्थना करायचं तोंड आहे, त्यात मी खोट ठेवणार नाही, म्हणाले.

मग मात्र माझ्याने राहवेना. मी बाईंना सगळं सांगून टाकलं, ह्यांचा नियमही आणि लेकीचा हट्टही. ह्यांनी डोळे वटारले. वटारू देत.

बाईंनी ते मेणातले दात काढून तळहातावर घेतले आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "अरे, त्या वाकड्या दातानेच मी आयुष्यभर देवाशी बोलले. आधी दात सरळ करून ये, मग ऐकतो, असं तो मला कधी म्हणाला नाही. तुलाच बरं म्हणाला?"

मग हळूच म्हणाल्या, मी लायक म्हणून एकदाही पुढे गेलेले नाही, भूक लागते म्हणून जाते.

ह्यांनी फळीवरून जुना साचा काढून समोर ठेवला, सुरी दिव्यावर गरम केली, मेण मऊ केलं आणि तो दात थोडा थोडा वळवत शेजारच्यावर चढवला. बाईंनी आरशात पाहिलं आणि ओळख पटल्यासारख्या हसल्या. शनिवारपर्यंत कवळी पक्की होऊन त्यांच्या तोंडात बसलीही.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. रविवारी सकाळीच बुटाची नाडी तुटली आणि ह्यांनी नाडीवाल्याचा, बुटाचा आणि माझा एकत्रच उद्धार केला. लेक नवा झगा घालून दारात उभी, सगळं ऐकत होती. 

पुढे जायची वेळ झाली. लेक उठली नाही. हे बुटांकडे बघत होते, एका बुटाला सुतळी बांधलेली. पुढच्या बाकावरून बाईंनी मागे वळून पाहिलं. हसल्या, आणि आधी तो दात दिसला.

हे उठले. लेकीपुढे हात धरला आणि तिला घेऊन चालू लागले. मी मागोमाग.

पाळक भाकर घेऊन समोर आले, तसे हे खालच्या आवाजात म्हणाले, "आज सकाळीच मी बायकोला..."

पाळकांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "हात पुढे करा," म्हणाले.

नखांत प्लॅस्टर अडकलेले दोन हात पुढे झाले आणि त्यांच्या शेजारी लेकीचे. माझ्या हातात भाकर कधी ठेवली ते मला दिसलंही नाही, इतके डोळे भरून आले होते.