वळणाकडे बघणारी ताल

तालवाले आबा कुठल्याही नव्या जागेवर गेले की आधी चपला काढून बसत. दोरी, पहार, घण सगळं बाजूला. अर्धा दिवस नुसते बसत, मग थोडं पुढे सरकून पुन्हा बसत. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा दमला. कुणी तसं म्हटलंच तर उत्तर ठरलेलं होतं. "उभ्या माणसाला जागा दिसती. बसलेल्याला कळती."

आबा आटपाडीकडचे. तरुणपणी फौजेत होते. परत आल्यावर आयुष्यभर त्यांनी डोंगरउतारावर ताली रचल्या. ताल म्हणजे माती वाहून जाऊ नये म्हणून घातलेला दगडांचा बांध. आबांच्या तालीत चुना नसे, सिमेंट नसे. "दगडाला तोंड असतंय," असं म्हणत ते दगड हातात दोनतीनदा फिरवत आणि मग ठेवत. एकदा ठेवलेला दगड त्यांनी पुन्हा उचलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

माझी त्यांची गाठ पडली ती संजयमुळे. संजय माझा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा असताना तो सीमेवर कामी आला. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. परत न आलेल्यांत तो सहावा. शाळेत, पंचायतीत, जिथे जिथे त्याच्या नावाने कार्यक्रम झाले तिथे मी गेले. आई एकदाही आली नाही. "तितं माझा संजा न्हाई," एवढंच म्हणायची आणि दाराशी बसून राहायची. गावाने सहा जणांचं स्मारक टेकडीवर बांधायचं ठरवलं तेव्हा मला धास्ती वाटत होती ती याचीच. अजून एक जागा होईल, आणि तिथेही मी एकटीच जाईन.

पंचायतीत भिंतीवर चित्र लावलं होतं. टेकडीचा माथा जेसीबीने सपाट करायचा, वर काळा चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, पुढे कमान. मला ते पाहवत नव्हतं, पण मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. चार लोकांत बोलायची मला सवय नाही. आबांना बोलावलं होतं ते फक्त खालची माती धरून ठेवायला. ते दिवसभर टेकडीवर बसले आणि दिवस कलल्यावर सरपंचांना म्हणाले, "ह्या टेकडीवर गुरं राखून ती पोरं मोठी झाली. तिलाच कापायची व्हय?"

"आबा, तुमी ताल घालायला आलाय, भाषण द्यायला न्हाई," सरपंच म्हणाले.

"मग तालच घालतो की. स्मारक तालीतच बसवतो. एक महिना द्या. माझ्या कामात सिमेंट नसतंय, न्हाई आवडलं तर उलगडून देतो. कापलेली टेकडी तुमाला कोन जोडून देनार?"

सरपंच हट्टी होते, पण त्यांचाही चुलता त्या सहांत होता. महिना मिळाला.

आबांनी सांगितलं, घरटी एक दगड आणायचा, आपापल्या शेताच्या बांधावरचा. आमच्याकडे बांधावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. त्यामुळे तिसऱ्याच दिवशी दोन चुलतभाऊ एकाच दगडावर हक्क सांगत आबांपुढे उभे राहिले. आबांनी मान वर न करता विचारलं, "लय जड हाय का?"

"हाय की."

"मग दोघं मिळून आना."

बारा वर्षांत न बोललेले ते दोघे दगडाला दोन बाजूंनी धरून, एकमेकांना "हळू रं, बोटं सांभाळ" म्हणत टेकडी चढले. सगळं गाव बघायला जमलं होतं.

महिन्याभरात उताराच्या वळशाने जाणारी, गुडघाभर उंचीची, बसता येईल अशी ताल उभी राहिली. कुसळी गवत तसंच ठेवलं होतं, तरवडाचं एक झुडूपही हललं नव्हतं. सहा दगडांवर सहा नावं कोरली होती, बसलेल्या माणसाचा हात आपसूक पडेल अशा जागी. तालीवर बसलं की समोर मावळतीचे डोंगर. आबा खूश होते. आमच्या घरचा दगड द्यायला म्हणून मी आईला कसंबसं वर आणलं. तिने तालीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "झाक हाय. पर तोंड उलटीकडं झालं."

"उलटीकडं कसं, आक्का?" आबांनी विचारलं.

"सुट्टीला येनारा मानूस त्या फाट्याच्या वळनावर दिसतो, यष्टीतनं उतरताना. आमी बायका जलमभर तिकडं डोळं लावून बसलो. मावळतीकडनं कोन येतंय, आवं?"

आबा उताराच्या दुसऱ्या बाजूला गेले, चपला काढल्या आणि वळणाकडे तोंड करून बसले. बराच वेळ बसले. मग उठले आणि टोकाचा पहिला दगड स्वतः उचलला. "समद्या टेकडीवर बसलो, आक्का," ते म्हणाले, "तुमच्या उंबऱ्यावर बसायचं राहिलं."

सबंध ताल उलगडली आणि वळणाकडे तोंड करून पुन्हा रचली. या वेळी दगड वाहायला बायकाही होत्या.

उद्घाटनाला साताऱ्याहून एक मोठे साहेब आले. चढ चढून दमल्यामुळे ते तालीवर टेकले, घाम पुसला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "स्मारक कुठंय?"

"बसलाय की त्याच्यावर!" आबा म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने हसले ते सरपंच. साहेब गडबडून उठायला लागले तर आबांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा, बसा. त्यासाठीच हाय." तालीच्या दुसऱ्या टोकाला आई बसली होती. तिचा तळवा संजयच्या नावावर होता आणि डोळे वळणाकडे. त्यानंतर ती रोज दुपारी तिथे जाऊ लागली. आता तिथे पाचसहा जणींची बैठकच असते. शेंगा फोडणं आणि सुनांची गाऱ्हाणी तिथेच चालतात.

ताल पुरी झाली तरी टोकाला आबांनी एका दगडाची जागा रिकामी ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, मी एकदा चुकलोय. परत चुकलोय असं कुनाला वाटलं, तर हितनं उलगडायला सुरवात करा."

गेल्या वर्षी आबा गेले. शेतातल्या तालीवर बसल्या बसल्याच गेले, असं त्यांच्या मुलाने कळवलं. सरपंच कुणाला न सांगता टेम्पो घेऊन आटपाडीला गेले. ते परतले तेव्हा आम्ही तालीवर बसलो होतो. वळणावर टेम्पो दिसला. मागे हौद्यात गवताच्या पेंढीवर एकच दगड होता, आबांच्या बांधावरचा.

"आता कुनाला उलगडायचं न्हाई," असं म्हणत सरपंचांनी नंतर तो त्या रिकाम्या जागेत बसवला. पण टेम्पो वळण घेत होता तेव्हाच आईने मांडीवरच्या शेंगा खाली ठेवल्या होत्या. डोईवरचा पदर नीट करत ती उभी राहिली आणि बाकीच्या बायांना म्हणाली, "उठा गं. आबा आले."