तपासणीपुरती स्वच्छ छाती

माझ्या सासूबाई पुलाखाली, सिग्नलपाशी हार विकायच्या. फुलं आमच्याच शेतातली. पण जागा सांभाळावी लागायची. एक दिवस रिकामी दिसली की दुसरी कोणीतरी पाटी घेऊन बसलीच समजा. ट्रकांचा धूर खाऊन खाऊन त्यांना असा खोकला लागला होता की ओवताना सुई हातातून सुटायची.

तेव्हा इस्पितळात एक प्रयोग चालू होता. धुराने श्वासनळीला आतून सूज येते, ती अँटिबायोटिकने उतरते का, हे बघायचं होतं. काहींना खरी गोळी, काहींना नुसती दिसायला तशीच. कोणाला कुठली, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. सासूबाई हार विकता विकता उठून गेल्या, नाव दिलं, पहिली तपासणीही करून आल्या. सूज उतरली की पुलाखाली बिनघोर बसता येईल, एवढीच त्यांची आशा.

पुढच्या प्रत्येक तपासणीत सूज कमी दिसायला लागली. "बघ, गोळी लागू पडली!" म्हणत त्या गल्लीभर मिरवल्या. मीही देवापुढे साखर ठेवली.

प्रयोग संपल्यावर कळलं, त्यांच्या गोळीत औषधच नव्हतं. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "आजी, आणखी काय करत होतात?"

"काय नाय. तपासायला यायचं म्हणून तीन-चार दिवस आधी पुलाखाली जातच नव्हते. धुराने भरलेली छाती घेऊन यायचं, बरं दिसतं का?"

अगं बाई! पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तशी छाती झाडून न्यायच्या. ते दिवस जागेवर मी बसायचे आणि मनातल्या मनात त्यांना बोल लावायचे.

"मग तेच तुमचं औषध," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता घरीच राहा." खऱ्या गोळीने इतरांची सूज उतरली की नाही, ते आम्हाला कोणी कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पाटी घेऊन निघाल्या. मी आडवी गेले. "अहो आई, मी बसते ना!"

"तू? तुझी छाती काय लोखंडाची हाय?" म्हणाल्या, आणि गेल्या.

आज त्या नाहीत. त्यांचा हात धरून घरी बसवायला हवं होतं, या विचाराने अजून जीव तुटतो. जागेवर आता मी बसते. परवा ओवताना खोकल्याची उबळ आली आणि सुई सुटली. शेजारी उभी असलेली माझी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "मम्मी, उद्यापासून मी बसते."

भर सिग्नलवर मी तिच्यावर केवढ्याने ओरडले!