आल्याची वर्दी

एका मंगळवारी सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अण्णांना तपासलं. त्यानंतर अण्णा नऊ महिने जगले.

अण्णा माझे सासरे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका कारखान्यात वॉचमनची नोकरी केली आणि भांडुपचं हे दोन खोल्यांचं घर उभं केलं. घराचं दार दिवसभर उघडं असे. तरी बाहेरून आले की ते उंबऱ्याशी थांबत, खाकरत आणि मगच आत येत. लग्नानंतर मी म्हटलं, "अण्णा, घर तुमचंच आहे. सरळ या ना."

"घरात बायमाणूस आसा. वर्दी देवक व्हयी."

माझ्या माहेरी मला असा मान कोणी दिला नव्हता. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

मी घरी बसून पुस्तकांची प्रूफं तपासते. हळूहळू अण्णांचं खाकरणं वाढलं. ते गॅलरीतून ऐकू येई, मोरीतून येई, जेवताना मध्येच येई. माझा नवरा दिनेश चिडवायचा, "अण्णा, किती वेळा वर्दी? आम्ही काय पळून चाललोय?"

"तुझ्यासारखो चोरपावलान येणारो नाय मी."

मी विचारलं की म्हणत, "कफ आसा गो. जायत तो." गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा, असं सांगितलं. अण्णांनी ते शाळकरी मुलासारखं पाळलं. बरं वाटतंय, असंही म्हणाले. आम्ही ते मानलं. पुढे त्यांचा आवाज बसला तो दीड महिना बसलेलाच राहिला, आणि भाकरी चहात भिजवल्याशिवाय उतरेना. तेव्हा कुठे आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

"घसा किती दिवसांपासून साफ करताहेत?" त्यांनी मला विचारलं.

"ती त्यांची सवयच आहे. मी घरात असले की खाकरून आत येतात."

"आणि तुम्ही घरात नसता तेव्हा?"

मला ते माहीत असणं शक्य नव्हतं. अण्णा फरशीकडे बघत म्हणाले, "तेवाच जास्त. सून घराक असली की दाबून धरतंय. तिचा वाचनाचा काम."

म्हणजे वर्षभर मी जे ऐकलं, ते त्यांना दाबता न आलेलं तेवढंच होतं. कफ समजून ते जे काढू बघत होते, ती गाठ होती. आवाज तीन आठवडे बसून राहिला तेव्हाच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी.

शेवटी शेवटी अण्णांना बोलता येत नव्हतं. एका दुपारी मी प्रूफं बाजूला ठेवून त्यांच्या खाटेशी बसले. "अण्णा, मोकळेपणी खाकरा. मला त्रास होत नाही." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ओठ मिटून घेतले आणि टेबलाकडे बोट दाखवलं. मी उठून कामाला बसले तेव्हाच ते डोळे मिटून स्वस्थ पडले.

दिनेश सकाळी कामावर जातो. दुपारी घरात मी एकटी असते. वाचायला शांतता आहे.