ओलं कापड

“मेंब्रेन रप्चर झालंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटली होती. “कधीपासून पाणी जातंय?”

“काल सकाळपासून.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला लगेच भरती करून घेतलं.

छत्तिसावा आठवडा होता. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी कळा आल्या म्हणून आंधळगावहून दोनदा भंडाऱ्याला धावले आणि दोनदा तशीच परत आले. त्या ‘फॉल्स पेन’ होत्या, म्हणजे पोट कडक होतं, पण कळा वाढत नाहीत, विसावा घेतला की थांबतात. घरी सगळे हसले होते. म्हणून या वेळी माझा माझ्याच शरीरावर विश्वास नव्हता.

आदल्या सकाळी उठले तर साडी ओली. सासूबाई म्हणाल्या, “लघवी असन. मले बी असंच होये. कायले भेऊन राहिली?”

मला पटलं नाही. लघवीला जाऊन आले, कोरडं सुती कापड लावलं, अर्धा तास पडून राहिले. उठताच पुन्हा ओलं. रंग नाही, लघवीचा वासही नाही. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू होता. दवाखान्यात गेलो तर धानाच्या बांधीत एक माणूस कमी होईल, म्हणून तर सासूबाई टाळत नसतील? हा संशय मी दिवसभर मनातच ठेवला. तिथेच चुकले.

दुसऱ्या दिवशी कंबरेतून कळ येऊ लागली. गावातल्या आशाताई तपासणीला आल्या, त्यांना कापड दाखवलं.

“बाळ फिरते का?”

“कालच्यापेक्षा कमी.”

“मंग कायची वाट पाहून राहिली?” त्यांनी तिथूनच गाडी बोलावली. सासूबाई बांधीतून तशाच चिखलाच्या पायांनी गाडीत चढल्या.

भरती झाल्यावरही माझा संशय संपला नव्हता. “मला घाबरवून ऑपरेशनच कराल ना?” मी विचारलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. “गरज पडली तर सांगेन. आधी ठोके बघू.” पोटाला पट्टा बांधून त्यांनी एनएसटी केली. त्यात बाळाचे ठोके कागदावर उमटतात. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं. संध्याकाळी साधी प्रसूती झाली. मुलगी. रडायला तिनं वेळ घेतला. तेवढ्या वेळात मी देवाचंही नाव घेऊ शकले नाही.

तिला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. सासूबाई त्या दारासमोरून हलल्या नाहीत. मी रोवण्याचं विचारलं, तर म्हणाल्या, “होईन तो. पोरीले सोडून कुठं जाऊ?” मला मान वर करता आली नाही. त्यांना जे ठाऊक होतं तेच त्यांनी सांगितलं होतं.

माणसांवरचा माझा संशय खोटा निघाला, कापडावरचा खरा. बायांनो, ओलं थांबत नसेल, कळा ठरावीक वेळानं येऊन वाढत असतील, बाळ कमी फिरत असेल, तर कोणाला विचारत बसू नका, दवाखाना गाठा. परत पाठवलं तर घरी परत या. घरचे हसतील. हसू द्या.